चित्राखालची शेवटची ओळ: आधुनिक कलासंग्रहालयात नवी कलाकृती येते तरी कशी?

रेघोट्या (धागाकर्ती)

मी ३२ वर्षे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काढली, त्यामुळे कोणतीही वस्तू दिसली की ती कधी, कोठून आणि कोणत्या खात्यातून आली हे शोधण्याची खोड अंगात मुरली आहे. मागच्या वर्षी मुलीकडे अमेरिकेत गेले असता न्यूयॉर्कचे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट, म्हणजे सगळे ज्याला मोमा म्हणतात ते, पाहण्याचा योग आला. व्हॅन गॉगच्या 'तारांकित रात्री'समोर फोन उंच धरलेल्या माणसांची एवढी दाटी होती, की मला चित्रापेक्षा लोकांच्या मानाच जास्त दिसल्या. मग मी बाजूला सरकून भिंतीवरची पाटी वाचू लागले. चित्रकाराचे नाव, साल, माध्यम आणि सगळ्यांत खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: लिली पी. ब्लिस यांच्या मृत्युपत्राच्या आधारे, अदलाबदलीने प्राप्त. घरी येऊन संग्रहालयाच्या संकेतस्थळावर पाहिले, तर चित्राचा दाखल क्रमांक ४७२.१९४१ निघाला. पद्धत थेट आमच्या दाखल नोंदवहीचीच आहे. फरक काय तो किमतीच्या रकान्यात असावा.

त्या ओळीतल्या 'मृत्युपत्र' आणि 'अदलाबदल' या दोन शब्दांनी मला पुढचे काही महिने वाचनाला लावले. मोमा १९२९ च्या नोव्हेंबरमध्ये, शेअर बाजार कोसळल्यावर अवघ्या काही दिवसांनी, भाड्याच्या जागेत सुरू झाले. पहिल्या प्रदर्शनात सेझान, गोगँ, सरा आणि व्हॅन गॉग असे चौघे दिग्गज होते, पण भिंतीवरची सगळी चित्रे उसनी आणलेली होती. संस्थेच्या तीन संस्थापक स्त्रियांपैकी लिली ब्लिस १९३१ मध्ये वारल्या आणि त्यांनी आपला संग्रह संग्रहालयाच्या नावे केला. मात्र संग्रहालयाने आधी स्वतःचा कायमस्वरूपी निधी उभा करून दाखवावा, अशी अट घातली. ही रक्कम आधी दहा लाख डॉलर ठरली होती, ती मंदीच्या दिवसांत सहा लाखांवर आणावी लागली आणि १९३४ मध्ये एकदाची ती चित्रे संग्रहालयाची झाली. बाईंनी आणखी एक दूरदृष्टी दाखवली होती. मोजकी चित्रे वगळता बाकीची विकण्याची किंवा बदलून घेण्याची मुभा त्यांनी दिली होती. १९३९ मध्ये पिकासोचे 'अविन्योच्या तरुणी' हे चित्र आले, ते ब्लिसबाईंच्या संग्रहातले देगाचे घोड्यांच्या शर्यतीचे चित्र विकून. त्यातून १८,००० डॉलर उभे राहिले आणि उरलेल्या रकमेचा भार विकणाऱ्या गॅलरीच्या मालकांनीच देणगी म्हणून उचलला. 'तारांकित रात्र' आली तीही ब्लिस संग्रहातली इतर चित्रे देऊन.

थोडक्यात, ज्या दोन चित्रांसाठी लोक सातासमुद्रापलीकडून तिथे येतात, ती दोन्ही एका बाईच्या दिवाणखान्यातल्या दुसऱ्याच चित्रांच्या मोबदल्यात आलेली आहेत. मी आजवर समजत होते की संग्रहालयाकडे पैसा असतो आणि त्या पैशातून ते चित्रे घेते. आता वाटते की पैसा बहुतेक वेळा दुसऱ्याचा असतो, अटीही दुसऱ्याच्याच असतात, आणि त्या अटींच्या फटीतून हवी ती वस्तू आत आणणे हे संग्रहालयाचे खरे कसब. या विषयातल्या जाणकारांनी भर घालावी, म्हणून हा धागा.

अर्धविराम

उत्तम धागा. एक बाळबोध प्रश्न विचारतो. संचालकाला एखादे चित्र आवडले तर तो ते घेऊ शकतो का, की आपल्याकडच्यासारखी फाइल फिरते?

पाटीपेन्सिल

फाइल फिरते, आणि ती फिरावीच. परदेशातल्या एका संग्रहालयाच्या नोंदणी विभागात मी ९ वर्षे काम केले आहे. नाव सांगत नाही, पण पद्धत मोठ्या संस्थांत थोड्याफार फरकाने सारखीच असते. सुरुवात क्युरेटरपासून, म्हणजे संग्रहासाठी कलाकृती निवडणाऱ्या तज्ज्ञापासून होते. तो वर्षभर चित्रकारांच्या कार्यशाळा, गॅलऱ्या, द्वैवार्षिक प्रदर्शने पाहत असतो आणि त्यातून एखादी कलाकृती प्रस्तावासाठी निवडतो. प्रस्तावात नुसते 'ही फार सुंदर आहे' लिहून भागत नाही. आपल्या संग्रहात आधी काय आहे, ही आल्याने कोणती पोकळी भरते, याच कलावंताची याहून चांगली कृती पुढे मिळण्याची शक्यता किती, आणि किंमत बाजाराशी जुळते का, याची उत्तरे लेखी द्यावी लागतात. नंतर प्रस्ताव त्या विभागाच्या संपादन समितीपुढे, म्हणजे कलाकृती मिळवायची की नाही हे ठरवणाऱ्या समितीपुढे जातो. मोमामध्ये चित्र-शिल्प, रेखाटने व मुद्राचित्रे, छायाचित्रण, वास्तुकला व डिझाइन, चित्रपट, माध्यमकला व प्रयोगकला असे विभाग आहेत. अशा समित्यांत विश्वस्त आणि संग्राहक बसतात, आणि त्या वर्षातून मोजक्याच वेळा भरतात.

बैठकीच्या आधी कलाकृती प्रत्यक्ष आणून ठेवतात, आणि माझे काम तिथे सुरू होई. पेटी आल्या आल्या उघडायची नाही. आतल्या लाकडाला आणि कापडाला इमारतीच्या हवेची सवय होईपर्यंत, सहसा एक दिवस, ती तशीच ठेवायची. मग संवर्धक, म्हणजे चित्रांची निगा-दुरुस्ती पाहणारा जाणकार, अंधाऱ्या खोलीत एका बाजूने तिरपा प्रकाश टाकून चित्राचा पृष्ठभाग पाहतो. समोरून पाहताना गुळगुळीत दिसणारे निळे आकाश त्या तिरप्या उजेडात नांगरलेल्या शेतासारखे दिसते, आणि कुठे रंग उचलला आहे, कुठे मागाहून कुणी हात फिरवला आहे, ते लपत नाही. त्यानंतर चित्र उलटे करतात. मला विचाराल तर चित्राची मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा जास्त बोलते. जुन्या प्रदर्शनांच्या चिठ्ठ्या, गॅलरीचे शिक्के, जकातीच्या खुणा, खडूने लिहिलेले आकडे यांतून मालकीचा इतिहास जोडत न्यायचा असतो. युरोपातली कलाकृती असेल तर १९३३ ते १९४५ या नाझी राजवटीच्या वर्षांत ती कोणाकडे होती, याचे समाधानकारक उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जायचे नाही, असा आता दंडक आहे. जिथे पूर्वी हे पाहिले गेले नाही, तिथे नंतर चित्रे परत करावी लागली. मोमानेही २०१५ मध्ये किर्शनरचे एक चित्र मूळ ज्यू मालकाच्या वारसांना परत दिले.

सरकारी संग्रहालयात संचालकाच्या अधिकाराला रकमेची मर्यादा असते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने १९७३ मध्ये जॅक्सन पोलॉकचे 'ब्लू पोल्स' १३ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरला घेतले, तेव्हा दहा लाखांवरची खरेदी प्रमुखांच्या हातात नव्हती. पंतप्रधान व्हिटलम यांनी स्वतः मंजुरी दिली आणि किंमत जाहीर करायला सांगितले. देशभर काहूर माजले. पुढे याच संग्रहालयाने २००८ मध्ये सुमारे ५० लाख अमेरिकी डॉलर मोजून चोळकालीन नटराज घेतला. तो तमिळनाडूतल्या श्रीपुरंतन गावच्या देवळातून चोरलेला निघाला आणि २०१४ मध्ये भारताला परत करावा लागला. पहिल्या खरेदीवर देशभर टीका झाली, ती आज संग्रहालयाची शान आहे. दुसरीवर तेव्हा कौतुक झाले असावे.

रेघोट्या (धागाकर्ती)

पाटीपेन्सिल, तिरप्या प्रकाशाचे वर्णन वाचून जुन्या पोथ्यांवरची पुसट अक्षरे आम्ही कंदील आडवा धरून वाचत असू, त्याची आठवण झाली.

समितीवरून एक किस्सा सांगते. मोमाचे पहिले संचालक आल्फ्रेड बार हे १९५८ च्या जानेवारीत लिओ कॅस्टेली यांच्या गॅलरीत जॅस्पर जॉन्स या अगदी नव्या चित्रकाराचे प्रदर्शन पाहायला गेले आणि एका झटक्यात तीन चित्रे संग्रहालयासाठी निवडून आले. खरे मन बसले होते ते अमेरिकी ध्वजाच्या चित्रावर, पण समितीतल्या देशभक्तांना हा ध्वजाचा अपमान वाटेल अशी धास्ती होती. तेव्हा बार यांनी वास्तुविशारद फिलिप जॉन्सन यांना ते स्वतः विकत घ्यायला लावले. वादळ शमल्यावर, १९७३ मध्ये, जॉन्सन यांनी तेच चित्र बार यांच्या सन्मानार्थ संग्रहालयाला दिले. त्याची नोंद १०६.१९७३ अशी आहे. १५ वर्षे एखादी वस्तू मित्राच्या भिंतीवर सांभाळायला ठेवणे, ही संपादनाची पद्धत कोणत्याही नियमावलीत सापडणार नाही.

त्याच प्रदर्शनात लक्ष्यवर्तुळाच्या वर लाकडी कप्प्यांत शरीराच्या अवयवांचे साचे ठेवलेली एक कलाकृती होती आणि एका कप्प्यातला अवयव दाखवण्यासारखा नव्हता. त्या कप्प्याचे झाकण बंद ठेवले तर चालेल का, असे बार यांनी विचारले. कधीमधी चालेल, कायम चालणार नाही, असे जॉन्स म्हणाले. बार यांनी ती सोडली आणि चेहऱ्यांचे चार साचे असलेली दुसरी घेतली.

जमाखर्च

मी व्यवसायाने सनदी लेखापाल असल्यामुळे देणगीच्या मागचे हिशेब मांडतो, कारण त्यांच्याशिवाय अमेरिकी संग्रहालयांची भरभराट कळत नाही. तिथे संग्राहकाने चित्र संग्रहालयाला दिले, तर काही मर्यादांच्या आत त्या दिवशीच्या बाजारभावाएवढी रक्कम त्याच्या करपात्र उत्पन्नातून वजा होते. समजा, चित्र तरुणपणी हजार डॉलरला घेतले आणि आज ते दहा लाखांचे झाले, तर सवलत दहा लाखांवर. म्हणून 'मी हयात असेपर्यंत भिंतीवर माझ्याकडे, नंतर तुमचे' अशी वचनबद्ध देणगी तिथे सर्रास असते. गंमत अशी की चित्रकाराने स्वतःचेच चित्र दिले तर १९६९ पासून त्याला सवलत मिळते ती केवळ कॅनव्हास आणि रंगांच्या खर्चापुरती.

आपल्याकडे आयकर कायद्याखाली वस्तुरूप देणगीला सवलतच नाही. त्यामुळे एखाद्या उद्योगपतीला चित्र संग्रहालयाला देण्यामागे सद्भावनेखेरीज आर्थिक कारण उरत नाही, आणि नुसत्या सद्भावनेवर संग्रह उभे राहत नाहीत, हे माझे व्यावसायिक मत.

कराच्या धाकाने आलेल्या कलाकृतीचेही उदाहरण आहे. रॉबर्ट राउशनबर्गच्या 'कॅन्यन' या १९५९ च्या कृतीत पेंढा भरलेला बॉल्ड ईगल आहे आणि त्या पक्ष्याची कोणत्याही रूपात विक्री करणे अमेरिकी कायद्याने गुन्हा आहे. मालकीण इलियाना सोनाबेंड २००७ मध्ये वारल्यावर वारसांच्या मूल्यमापकांनी, जे विकताच येत नाही त्याची किंमत शून्य, असे लिहून दिले. कर खात्याने मात्र ६.५ कोटी डॉलर किंमत ठरवून त्यावर वारसा कर मागितला. शेवटी २०१२ मध्ये तडजोड झाली आणि वारसांनी ती कृती मोमाला देऊन टाकली. माझ्या कारकिर्दीत एकाच मालमत्तेचे असे दोन आकडे मी पाहिलेले नाहीत.

अर्धविराम

आणि ज्या कलाकृतीला अंगच नाही, तिचे काय? तिनो सेगल नावाच्या कलावंताची 'किस' ही कृती मोमाने २००८ मध्ये घेतल्याचे वाचले. दोन माणसे जमिनीवर संथपणे एकमेकांना आलिंगन देत राहतात, एवढीच ती कृती. मग संग्रहात नेमके ठेवतात काय?

पाटीपेन्सिल

काहीच नाही, आणि तीच तिची अट आहे. सेगल कागदावर करार करत नाही. सगळे एका खोलीत बसतात, अटी तोंडी बोलल्या जातात आणि उपस्थितांनी त्या लक्षात ठेवायच्या. कृती नव्या माणसांना शिकवताना कलावंताने मान्य केलेलीच व्यक्ती शिकवणार, छायाचित्र काढायचे नाही, पुढे विकायची झाल्यास तीही अशीच तोंडी. माझ्यासारख्या, पावतीवाचून झोप न येणाऱ्या माणसाला हे ऐकून घाम फुटला होता. पण आपल्याकडे गुरूने शिष्याला बंदिश दिली तर तिची पावती कोण मागतो?

पावशेर

सगळे छान चालले आहे, पण समितीत बसणारे संग्राहक स्वतःच त्या चित्रकारांची चित्रे बाळगून असतात, हे कोणी बोलेल का? संग्रहालयाने एक चित्र घेतले की त्याच चित्रकाराच्या घरातल्या चित्रांचा भाव चढतो. लंडनच्या टेट या कलासंग्रहालयाने २००५ मध्ये ख्रिस ओफिली यांची 'द अपर रूम' ही १३ चित्रांची मालिका घेतली, तेव्हा ओफिली स्वतः टेटचे विश्वस्त होते. वर्षभराने तिथल्या धर्मादाय आयोगाने ताशेरे ओढले. इतकेच नव्हे, तर विश्वस्त कलावंतांच्या कृती आवश्यक परवानगीविना घेण्याची चूक तिथे अनेक वर्षे होत आली होती, असेही निघाले.

रेघोट्या (धागाकर्ती)

आपला आक्षेप रास्त आहे. तरी एवढे म्हणेन, की टेटच्या प्रकरणात निदान किंमत, तारीख आणि बैठकांची टिपणे लोकांपुढे आली. जिथे टिपणेच ठेवत नाहीत, तिथे ताशेरे ओढायलाही काही हाती लागत नाही.

सातरस्ता

मुंबईचा संदर्भ आल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. दिल्लीच्या जयपूर हाउसमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय १९५४ मध्ये सुरू झाले, त्याच्या संग्रहाचा कणा म्हणजे अमृता शेरगिल यांच्या कुटुंबीयांकडून आलेली त्यांची चित्रे. मुंबईची शाखा कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ मध्ये उघडली. सरकारी संग्रहालयाची अडचण किमतींची आहे. २००२ मध्ये तय्यब मेहतांचे चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे दीड कोटी रुपयांना गेले तेव्हा मथळे झाले होते. २०१३ मध्ये गायतोंडे यांचे चित्र मुंबईतच २३.७ कोटींना गेले. समितीची बैठक, टिपणी, वित्त विभागाची संमती या वेगाने चालणारा खरेदीदार लिलावाच्या हातोड्याला कसा पुरा पडणार? रझांचे 'सौराष्ट्र' २०१० मध्ये लंडनच्या लिलावातून भारतात आले ते किरण नाडर यांच्या खाजगी संग्रहालयासाठी.

सरकारच्या बाजूने एक गोष्ट मात्र आहे. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्याखाली रवि वर्मा, अमृता शेरगिल, रवींद्रनाथ, जामिनी रॉय, नंदलाल बोस अशा नऊ चित्रकारांच्या कृती देशाबाहेर नेता येत नाहीत. आज ना उद्या त्या इथेच कोणाच्या तरी संग्रहात येणार, अशी निदान आशा ठेवता येते.

आणि जहांगीर निकल्सन. कापसाचा व्यापार आणि मोटारींच्या शर्यती यांत रमलेल्या या गृहस्थाने १९६८ पासून चित्रे घेत घेत सुमारे ८०० कृती जमवल्या. मुंबईत आधुनिक कलेचे स्वतंत्र संग्रहालय व्हावे, ही त्यांची इच्छा होती. ते २००१ मध्ये गेले, तोवर ती पुरी झाली नव्हती. शेवटी त्यांच्या नावच्या प्रतिष्ठानचा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाशी दीर्घ मुदतीच्या उसनवारीचा करार झाला आणि २०११ मध्ये दालन उघडले. म्हणजे देणगी, खरेदी, अदलाबदल यांच्या जोडीला हीही एक वाट आहे: मालकी प्रतिष्ठानची, छप्पर संग्रहालयाचे. मी दर पावसाळ्यात एकदा तरी तिथे जातो. गर्दी नसते आणि बाकावर निवांत बसता येते.

जमाखर्च

अदलाबदलीवरून एक पुरवणी. अमेरिकी संग्रहालय-संचालकांच्या संघटनेचा नियम २०२२ पर्यंत असा होता की संग्रहातली कृती विकली तर त्या पैशातून नवी कृतीच घ्यायची. पगार आणि विजेची बिले भागवायची नाहीत. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, तो नियम दोन वर्षांसाठी सैल केला गेला. त्याचा आधार घेऊन बाल्टिमोरच्या संग्रहालयाने वॉरहॉलच्या 'द लास्ट सपर'सह तीन मोठी चित्रे विकायला काढली, आणि इतका गदारोळ झाला की लिलावाला काही तास उरले असताना ती मागे घ्यावी लागली. ब्लिसबाईंनी आधीच लेखी मुभा देऊन बार यांचा किती मनस्ताप वाचवला, हे यावरून कळते.

वेंगुर्लेकर

हे सर्व वाचून धीर करून लिहितो. माझे आजोबा जे.जे. मध्ये शिकले आणि जन्मभर शाळेत चित्रकला शिक्षक होते. त्यांची ४१ चित्रे आमच्या माळ्यावर आहेत. विकायची नाहीत, नीट जागी जावीत एवढीच इच्छा. एका संग्रहालयाला पत्र लिहिले. १४ महिन्यांनी दोन ओळींचे उत्तर आले: 'आपला प्रस्ताव स्वीकारता येत नाही, क्षमस्व.' फुकट देत असताना नकार का यावा, हे कोणी समजावून सांगेल का?

पाटीपेन्सिल

उत्तराला १४ महिने लागायला नको होते, आणि कारण न देणे ही तर उघड अनास्था. पण नकाराविषयी स्पष्ट सांगतो: संग्रहालयाला फुकट असे काही नसते. एकदा दाखल क्रमांक पडला की ती वस्तू कायम स्थिर तापमानात आणि आर्द्रतेत ठेवणे, तिचा विमा, कीड आणि बुरशीवर लक्ष, दर काही वर्षांनी तपासणी हे सगळे अंगावर येते. त्यात 'सर्व चित्रे एकत्रच ठेवावीत' किंवा 'कायम प्रदर्शनात असावीत' अशी अट पत्रात असेल, तर कोणतीही शहाणी संस्था हात जोडते. आपल्या पत्रात तसे काही होते का?

वेंगुर्लेकर

'एक स्वतंत्र दालन आजोबांच्या नावे असावे' असे वडिलांनी भावनेच्या भरात लिहिले होते खरे.

पाटीपेन्सिल

मग तिथेच गाडी अडली असणार. आता असे करा. दालनाचा उल्लेख काढा. ४१ च्या ४१ देऊ करू नका. सहा-सात निवडा आणि उरलेल्यांची यादी जोडा. प्रत्येकाचे माप सेंटिमीटरमध्ये, माध्यम, साल माहीत असेल तर साल, सहीचे जवळून छायाचित्र आणि मागच्या बाजूचे छायाचित्र द्या. चित्राची मालकी आणि त्याचा स्वामित्वहक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; आपल्या कायद्यात तो हक्क चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षे वारसांकडे राहतो, म्हणून छपाईची परवानगी कोण देणार तेही लिहा. सगळ्या वारसांच्या सह्या आधी घ्या. आणि कृपा करून काहीही पुसू नका. ओल्या फडक्याने 'स्वच्छ' केलेली चित्रे पाहून मी अक्षरशः डोळे मिटले आहेत.

रेघोट्या (धागाकर्ती)

आणि आजोबांची पत्रे, वर्गातल्या टिपणवह्या, प्रदर्शनांच्या पुस्तिका रद्दीत घालू नका. चित्रांना जागा नसलेली संस्था कागदपत्रे आनंदाने घेऊ शकते, आणि एकदा कागदपत्रे आत गेली की चित्रांसाठी दार किलकिले होते.

वेंगुर्लेकर

आज रविवार असल्याने धाकट्या भावासह माळ्यावर चढलो होतो. २३ चित्रे मोजून झाली. मासळी बाजाराच्या एका जलरंग चित्राच्या मागे बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनाची चिठ्ठी चिकटवलेली निघाली. वाळवीने एक कोपरा खाल्ला आहे, साल गेले आहे, पण क्रमांक ११२ आणि किंमत ७५ रुपये एवढे स्पष्ट वाचता येते. आजोबांनी चित्र कधी विक्रीला ठेवले होते, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. चिठ्ठी तशीच ठेवली आहे, हात लावलेला नाही. बाकीची १८ पुढच्या रविवारी.